गुडघ्याची दोरी आणि पुढची वीस वर्षे

आपल्या माणदेशात पाऊस थोडा आणि पायपीट फार. आटपाडीकडचा मेंढपाळ कळपामागे कोसन् कोस चालतो. बाया दिवसभर उकिडव्या बसून खुरपण करतात. डाळिंबाच्या बागेत छाटणीला आणि फवारणीला उभ्याने दिवस जातो. गलाईच्या धंद्याला परमुलखात गेलेला गडी भट्टीपुढे मांडी घालून बसतो. या साऱ्या कामांचा भार शेवटी दोन गुडघ्यांवर येतो. गुडघा धड असला तर माणूस पोट भरतो. गुडघा गेला तर घरादाराला ओझे झाल्यासारखे वाटते.

म्हणून या पाठात आपण गुडघ्याच्या एका दुखापतीची माहिती घेऊ. ही दुखापत तरुणपणी होते, पण तिचे खरे दुखणे पुष्कळदा चाळिशीत येते. मधली वर्षे आपल्या हातात असतात. त्या वर्षांत काय करावे, हेच आम्हांला सांगायचे आहे.

दुखापत होते कशी?

कुस्तीत पाय मातीत रोवलेला असतो आणि अंग मात्र फिरते. कबड्डीत चढाई करणारा गडी पळता पळता एकदम वळतो. मोटारसायकल घसरते आणि पाय पिळवटतो. बांधावरून उडी मारताना पाऊल वाकडे पडते. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येतो. काही तासांत गुडघा टम्म सुजतो.

मग चार माणसे जमतात. कुणी म्हणतो, “काय न्हाय, शीर चढलीया. चोळा म्हंजे उतरंल.” दोन-तीन आठवड्यांनी सूज उतरते. गडी चालू लागतो. सगळ्यांना वाटते, बरे झाले. पण उतार उतरताना, एकदम वळताना गुडघा निसटल्यासारखा होतो. पाय दगा देतो. असे झाले की ओळखावे, शीर चढलेली नाही. बहुधा आतली दोरी तुटली आहे.

ही दुखापत मोठमोठ्या मल्लांनाही सोडत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपणां सर्वांना माहीत आहेत. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. पुढे १९५६ सालच्या ऑलिंपिकआधी त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि दुसऱ्या पदकाची वाट तिथेच अडली. त्या काळी आपल्याकडे दुर्बिणीने गुडघ्याची शस्त्रक्रिया होत नव्हती. आज होते. पण शस्त्रक्रिया निघाली म्हणून काळजी संपली, असे मात्र नाही.

गुडघ्यात असते काय?

गुडघ्यात वर मांडीचे हाड आणि खाली नडगीचे हाड असते. पुढे वाटी असते. ही हाडे एकमेकांना धरून ठेवायला चार मजबूत दोऱ्या आहेत. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. दोन दोऱ्या दोन बाजूंना असतात. दोन मधोमध असतात आणि एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. या मधल्या दोन दोऱ्यांपैकी पुढची दोरी खेळात जास्त वेळा तुटते. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळवटू न देणे, हे तिचे काम.

हाडांच्या टोकांवर एक पांढरा, गुळगुळीत थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. धक्का बसला की त्या तो झेलतात. सांध्यात थोडे चिकट पाणी असते. ते वंगणाचे काम करते.

कूर्चेची एक गोष्ट नीट समजून घ्या. तिच्यात रक्ताच्या नळ्या नाहीत. दुखणे कळवणाऱ्या नसाही नाहीत. म्हणून ती झिजू लागली तरी आपल्याला कळत नाही. कातडीवरची जखम भरते तशी ती भरूनही येत नाही. ती झिजत झिजत पातळ झाली, की सांधा दुखतो, सुजतो, आखडतो. यालाच झिजेचा संधिवात म्हणतात.

दोरी तुटली तर कूर्चा का झिजते?

बैलगाडीचे चाक आठवा. चाक आसावर सरळ फिरत असेल आणि वंगण वेळेवर घातले असेल, तर गाडी वर्षानुवर्षे चालते. पण चाक ढिले होऊन डुलायला लागले, की आस एकाच बाजूने झिजतो. गाडीवानाला ते लगेच दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

गुडघ्याचेही असेच आहे. दोरी तुटली की हाड थोडे थोडे सरकते. पाय दगा देतो तेव्हा दर वेळी कूर्चा घासते आणि गादी चिमटीत सापडून फाटते.

शिवाय मार एकट्या दोरीला बसत नाही. दोरी तुटते त्याच क्षणी दोन हाडे एकमेकांवर आदळतात. कूर्चेला तेव्हाच मुका मार लागतो. सांध्यात रक्त साचते, सूज येते. ही सूज फार दिवस राहिली तर तीही कूर्चेला खाते.

अनेक देशांतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची पुढे वर्षानुवर्षे पाहणी केली. दुखापतीनंतर १० ते २० वर्षांनी जवळजवळ निम्म्या लोकांच्या एक्स-रेमध्ये संधिवाताच्या खुणा दिसल्या. गादीही फाटलेली असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणजे विसाव्या वर्षी पाय मोडून बसलेल्या गड्याला ऐन चाळिशीत म्हाताऱ्याचा गुडघा मिळू शकतो. घरात पोरे लहान, शेतावर कर्ज आणि गुडघ्याने उठवत नाही, अशी गत होते.

पण घाबरू नका. एक्स-रेमध्ये खुणा दिसल्या म्हणजे प्रत्येकाला दुखतेच असे नाही. आणि जवळजवळ निम्मे लोक त्यातून सुटतातही. आपण सुटणाऱ्यांत असावे, यासाठी पुष्कळ काही करता येते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत

गुडघ्याला मार लागला की खेळ तिथेच थांबवा. “ऊठ, कायबी झालं न्हाय,” असे म्हणून गड्याला पुन्हा मातीत उतरवू नका. पाय उशीवर उंच ठेवा. फडक्यात बर्फ गुंडाळून १५ ते २० मिनिटे शेका. दिवसातून चार-पाच वेळा असे करा. बर्फ नसेल तर गार पाण्याची घडी ठेवा. वरून पट्टी बांधा, पण पाऊल गार पडेल किंवा बधिर होईल इतकी आवळू नका.

जोर लावून चोळू नका. पाय ओढून घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस गरम विटेचा शेक देऊ नका. त्याने सूज वाढते.

एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. पाय टेकवतच नसेल, गुडघा वाकडा दिसत असेल किंवा पाऊल गार पडले असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एक्स-रेमध्ये हाड दिसते, दोरी दिसत नाही. “एक्स-रे चांगला आला” म्हणून निर्धास्त होऊ नका. हाडांचे डॉक्टर हाताने गुडघा तपासतात. गरज पडली तर एमआरआय काढायला सांगतात. त्यात दोरी आणि गादी दिसते.

शस्त्रक्रिया काय करते आणि काय करत नाही

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. ज्याचे काम सरळ चालण्याचे आहे आणि ज्याचा पाय दगा देत नाही, अशा काही जणांचे नेटाच्या व्यायामावर भागते. पाय वारंवार निसटत असेल, फाटलेली गादी मध्ये अडकत असेल किंवा कुस्ती-कबड्डी पुन्हा खेळायची असेल, तर डॉक्टर बहुधा शस्त्रक्रिया सुचवतात.

तुटलेली मधली दोरी टाके घालून सहसा जुळत नाही. म्हणून डॉक्टर रुग्णाच्याच पायातून दुसरी दोरी घेतात. ती मांडीच्या मागची असते किंवा वाटीखालची असते. दुर्बिणीतून पाहून ती जुन्या दोरीच्या जागी बसवतात. या वेळी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: “गादी फाटली असेल तर ती शिवता येईल का?” प्रत्येक गादी शिवण्याजोगी नसते. पण जी शिवता येते ती शिवावी. गादी जेवढी वाचेल तेवढी कूर्चा वाचते.

आता मुख्य गोष्ट ऐका. शस्त्रक्रियेने गुडघा पुन्हा घट्ट होतो. पण पहिल्या दिवशी कूर्चेला बसलेला मार ती पुसून टाकत नाही. शस्त्रक्रिया झाली म्हणजे संधिवात टळला, असे नाही. पुढचे काम रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे असते.

नव्या दोरीला वेळ द्या

आपण डाळिंबाची गुटी बांधतो. फांदीची साल काढतो, ओले शेवाळ लावून वर कागद गुंडाळतो. आत मुळे फुटेपर्यंत थांबतो. घाई करून आधीच फांदी कापली तर काय होते? वरून हिरवीगार दिसणारी फांदी चार दिवसांत माना टाकते.

गुडघ्यातली नवी दोरीही तशीच आहे. बसवली तेव्हा तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. हळूहळू तिच्यात रक्ताच्या नळ्या शिरतात आणि ती हाडात रुजते. पहिल्या काही महिन्यांत ती उलट थोडी कच्ची होते. आणि नेमके तेव्हाच रुग्णाला बरे वाटू लागते! सूज नाही, दुखणे नाही, चालता येते. घरचे म्हणतात, “आता काय झालंय? जत्रंच्या फडात उतर की!” इथेच घात होतो. दोरी पुन्हा तुटली, तर कूर्चेला दुसऱ्यांदा मार बसतो. संधिवाताचा धोका फार वाढतो.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर किमान ९ महिने कुस्ती, कबड्डी, खो-खो खेळू नये. ९ महिन्यांनंतरही डॉक्टरांनी पायाची ताकद तपासून परवानगी दिली तरच खेळावे. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे. वस्तादांनी आणि वडिलांनी हे ध्यानात ठेवावे. एक जत्रा चुकली तर पुढच्या वर्षी दुसरी येते.

कुस्तीपटू विनेश फोगट हिला ऑगस्ट २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती चालू असतानाच गुडघ्याची मोठी दुखापत झाली. तिला उचलून बाहेर न्यावे लागले. मे २०१७ मध्ये, म्हणजे सुमारे ९ महिन्यांनी, ती दिल्लीच्या आशियाई कुस्ती स्पर्धेत उतरली आणि तिने रौप्यपदक मिळवले. २०१८ साली तिने आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले. क्रिकेटपटू ऋषभ पंत याच्या मोटारीला ३० डिसेंबर २०२२ रोजी अपघात झाला. गुडघ्याच्या दोऱ्यांची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. तो मैदानावर परतला मार्च २०२४ मध्ये. हाताशी मोठमोठे डॉक्टर असूनही त्याला सव्वा वर्ष लागले. मग आपण तीन महिन्यांत कशाला घाई करावी?

मांडी हाच खरा आधार

गुडघ्याला दुखापत झाली की मांडीचा पुढचा स्नायू भराभर वाळतो. दोन्ही मांड्या सुतळीने मोजून पाहा. फरक लगेच कळेल. हा स्नायू म्हणजे गुडघ्याचा धक्का झेलणारा गडी. तो वाळला तर सगळा धक्का कूर्चेवर जातो. म्हणून मांडी भरून काढणे हा मोठा उपाय आहे.

सुरुवातीला करायचे साधे व्यायाम असे आहेत:

१. पाय लांब करून बसा. टाचेखाली टॉवेलची घडी ठेवा आणि गुडघा सैल सोडा. गुडघा पुरता सरळ झाला पाहिजे.

२. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने ती खाली दाबा. पाच अंक मोजा आणि सोडा. असे दहा वेळा करा.

३. उताणे निजा. पाय सरळ ठेवून वीतभर उचला. पाच अंक मोजून हळू खाली ठेवा. हेही दहा वेळा.

पुढे डॉक्टरांनी सांगितले की खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, सायकल चालवणे असे व्यायाम वाढवावेत. खोल बैठका आणि उड्या अगदी शेवटी. गादी शिवली असेल तर पाय किती टेकवायचा आणि किती वाकवायचा, हे डॉक्टरच ठरवतील.

व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाला फिजिओथेरपिस्ट म्हणतात. आटपाडीहून सांगली-मिरजेला दर आठवड्याला जाणे परवडत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून एकदा नीट शिकून घ्या. तो व्यायाम दाखवत असताना घरच्या पोराला मोबाईलवर चित्रण करायला सांगा. घरी रोज पाहून करा. सांगितलेल्या दिवशी जाऊन पुन्हा दाखवा.

सूज हा तुमचा राखणदार समजा. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर आदल्या दिवशी काम जास्त झाले. एक-दोन दिवस कमी करा, पण बंद करू नका.

शस्त्रक्रियेनंतर ताप आला, जखमेतून पू आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर वाट पाहू नका. ताबडतोब रुग्णालयात जा.

रोजच्या कामात

पुष्कळांना वाटते, चालले की गुडघा झिजतो, म्हणून बसून राहावे. हे खरे नाही. कूर्चेला रक्त मिळत नाही, तिला सांध्यातल्या पाण्यातून अन्न मिळते. पाऊल पडले की ती दबते, उचलले की पाणी शोषून घेते. म्हणजे बेताच्या चालण्यानेच कूर्चा पोसली जाते. चाला, सायकल चालवा, विहिरीत पोहा. पण वरून सूर मारू नका.

पहिले काही महिने उकिडवे बसणे, मांडी घालणे टाळा. संडासाला खुर्चीचा उपयोग करा. जेवायला पाट सोडून खुर्ची घ्या, त्यात कमीपणा नाही. खुरपणीऐवजी उभ्याने करायचे काम घ्या. डोक्यावरून आणि पाठीवरून ओझे नेऊ नका. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सवय करा.

वजन आटोक्यात ठेवा. अंगावरचे १ किलो वजन कमी झाले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. ५ किलो उतरले तर २० किलोंचे ओझे उतरले! तालीम सुटली की पहिलवानाचा खुराकही कमी झाला पाहिजे. विडी-सिगारेट सोडा. धुराने जखम भरायला वेळ लागतो.

बाजारात “वातावर हमखास गुण” म्हणून पुड्या विकतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. दोन दिवस बरे वाटते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. दुखण्याच्या गोळ्याही मनाने रोज घेऊ नका. त्याने पोटात व्रण पडतो आणि मूत्रपिंड बिघडते. तेल लावायला हरकत नाही, पण तेल आतल्या दोरीपर्यंत पोहोचत नाही, हे समजून लावा.

ज्यांची दुखापत जुनी आहे, त्यांनीही आता काय उपयोग, असे म्हणू नये. दहा वर्षांनी सुरू केला तरी मांडीचा व्यायाम दुखणे कमी करतो. उतरलेले वजन कोणत्याही वयात उपयोगी पडते.

दुखापतच होऊ नये म्हणून

तालमीत, शाळेत, कबड्डीच्या मैदानावर खेळाआधी १५ ते २० मिनिटे तयारीचा व्यायाम घ्यावा. नुसते पळून भागत नाही. उडी मारून खाली येताना गुडघे वाकलेले असावेत. गुडघे एकमेकांकडे आत झुकू देऊ नयेत. एका पायावर तोल सांभाळायला शिकवावे. नियमाने असा सराव केला, तर ही दोरी तुटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी होते. हीच दोरी मुलांपेक्षा मुलींची जास्त वेळा तुटते. आता आपल्या मुली कबड्डी, खो-खो, कुस्ती सारे खेळतात. त्यांना हा व्यायाम आधी शिकवा.

थोडक्यात काय ध्यानात ठेवायचे? गुडघा दगा देत असेल तर चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गादी वाचवा. ९ महिन्यांआधी मैदानात उतरू नका. मांडी बळकट करा आणि वजन हलके ठेवा. शस्त्रक्रियेचे काम डॉक्टर तास-दोन तासांत करतात. पुढच्या वीस वर्षांचे काम आपले आहे. ते रोज थोडे थोडे करावे.

आपल्या गावात असा कुणी सुजलेला गुडघा घेऊन बसला असेल, आणि त्याला वाचता येत नसेल, तर हा पाठ त्याला वाचून दाखवा.